बाबांची शुगर आणि ताटातला हिशोब: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

बाबांना डायबिटीस आहे, त्यांच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी ८.२ टक्के आलाय. म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर १८९ च्या आसपास, त्याचं सूत्र आहे, एवनसीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. पण फास्टिंग तर १३८ च आहे, मग सरासरी एवढी वर कशी गेली? जेवणानंतर चढत असणार, दुसरं काय, आणि ती वेळ आमच्याकडे कोणी मोजतच नाही, वर्षानुवर्षं फक्त सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं आणि आकडा बरा दिसला की बाबा खुशीत तर्री पोहे (हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे) खायला बाहेर.

तर प्रकल्प हा की घरातल्या रोजच्या जेवणात पिष्ट किती जातं ते वजन करून लिहायचं आणि त्यानंतर शुगर कुठवर जाते ते बघायचं. सामान म्हणजे ग्लुकोमीटर, स्ट्रिपची नवी डबी, वजनकाटा, आणि आईने दिलेलं किराण्याच्या हिशोबाचं अर्धं भरलेलं रजिस्टर. डॉक्टरांना विचारून घेतलं, ते म्हणाले खुशाल करा पण गोळ्या मनाने हलवायच्या नाहीत. बाबांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू आहेत, आणि ग्लिमेपिराइडवाल्या माणसाने भात-पोळी कमी केली की शुगर जास्तच खाली जाऊ शकते, म्हणून ७० च्या खाली काही दिसलं की आधी उपाय मग लगेच फोन. टार्गेट जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत.

बाबांची पहिली प्रतिक्रिया, "काऊन, आता पोहेही मोजून खायचे का बाप्पा?" हो, मोजूनच.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मोजायचे नियम ठरवले. दोन तास धरायचे ते पहिल्या घासापासून, ताट उचलल्यापासून नाही. बाबा पाऊण तास जेवतात (त्यात अर्धा वेळ बातम्यांवर भाष्य असतं) त्यामुळे शेवटच्या घासापासून धरलं तर सगळंच गंडतं.

दुसरं, मीटर अगदी नेमका नसतो. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं आयएसओ मानक आहे त्यात १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १७० आणि १८५ हे आपल्या कामासाठी एकच. आईला हे पटवायला वेळ लागला, ती म्हणे मग कशाला विकत घेतला. पण १७० आणि २३० मधला फरक तर दाखवतोच ना, आपल्याला तेवढंच पाहिजे.

तिळगुळाचे दोन लाडू खाल्ले बाबांनी. "गुळाचे आहेत, साखर नाही," असं वर. गूळ पोटात गेल्यावर साखरच होतो, लोह वगैरे असेल थोडंफार पण शुगर चढवण्यात दोघे सख्खे भाऊ. असो, सण आहे, लाडू लहान होते, लिहून ठेवले.

१९ जानेवारी, रविवार

आज पूर्ण ताट वजन केलं. नेहमीचं दुपारचं जेवण, त्यात काही वेगळं केलं नाही, आईला मुद्दाम सांगितलं होतं की तू रोजच्यासारखंच वाढ.

दोन घडीच्या पोळ्या, प्रत्येकी ३५ ग्रॅम कणीक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत त्यात १०० ग्रॅम कणकेत ६४ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर) धरलंय, तंतू वेगळे काढून, म्हणजे दोन पोळ्यांचे ४५. मग शिजलेला भात १५० ग्रॅम, त्याचे ४२. भात आमच्याकडे एचएमटीचा, हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलं आणि बाबांना त्याचा इतका अभिमान की भात कमी करा म्हटलं की ते आधी दादाजींची गोष्ट सांगतात आणि सांगता सांगता अजून वाढून घेतात. नंतर वरण, कोरडी तूरडाळ ३० ग्रॅम, म्हणजे १६. आणि वर आलूची भाजी, ८० ग्रॅम आलू, १२-१३ ग्रॅम. बेरीज ११५ च्या पुढे गेली, आणि यात गोडाचा एक कणही नाही!

जेवणाआधी १२९, दोन तासांनी २३८.

मला आकड्यापेक्षा ताट बघून जास्त धक्का बसला. पोळी, भात, आलू, तिन्ही एकाच कामाचे, आणि भाजी म्हणून जे वाढलं तेही पिष्टच. बाबा चहात साखर घालत नाहीत याचं घरात केवढं कौतुक, एका कपात चमचाभर साखर म्हणजे ४-५ ग्रॅम, आणि इकडे एका बैठकीत ११५. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, तोंडात गोड लागत नाही एवढंच, पुढे आतड्यात गेल्यावर तुटून ग्लुकोजच होतो. आईने आकडा बघून एवढंच म्हटलं, "मग मी आलूऐवजी गिलकी करत जाऊ का?" कर माय, अगदी कर.

२६ जानेवारी, रविवार

तर्री पोहे. ही नोंद लांब होणार कारण नागपुरात राहून हा विषय टाळणं शक्य नाही.

आधी घरी केले, तर्री नाही, साधे, कोरडे पोहे ६० ग्रॅम मोजून. पोह्यात १०० ला साधारण ७७ ग्रॅम कार्ब, म्हणजे ४६ झाले. आधी १३१, एका तासाने २२१, दोन तासांनी १९६. पोहे म्हणजे तांदूळच, भिजवून भाजून कुटून चपटा केलेला, त्यामुळे पचायला हलके असं जे आपण म्हणतो ते बरोबर आहे, शुगरच्या बाबतीत हीच तर अडचण आहे.

मग आज चौकातल्या ठेल्यावरून पार्सल आणलं, तर्री वेगळ्या पिशवीत, वर बोटभर लाल तेल. पोह्यांचा आकार बघून साधारण तेवढेच असावेत. एका तासाने १८६, बाबा एकदम खूश, "बघ, बाहेरचे चांगले." दोन तासांनी २०४. तीन तासांनी १९८, अजून उतरलेच नाहीत. तेलामुळे जठर हळू रिकामं होतं म्हणून चढण उशिरा येते आणि लांबते, चढतच नाही असं नाही. एका तासाचाच आकडा बघून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, समोसा आणि आलूबोंड्याचंही असंच होणार.

संध्याकाळी आईशी बसून वेगळा बेत काढला. पोहे निम्मे, ३० ग्रॅमच, आणि तर्रीतले हरभरे भरपूर, मोठी वाटी भरून, तेल कमी, वर सांभार (कोथिंबीर) आणि कांदा. पुढच्या रविवारी बघू.

२ फेब्रुवारी, रविवार

निम्मे पोहे आणि वाटीभर हरभरे, दोन तासांनी १५८. हरभऱ्यातही कार्ब आहे पण तंतू आणि प्रथिनं सोबत असतात, सालासकट असतो, हळू सुटतो. बाबांचं म्हणणं, पोट जास्त भरलं. हा बेत कायम.

आज भाकरीचाही विषय निघाला. मावशी आली होती, तिच्या मते डायबिटीसवाल्याने पोळी सोडून ज्वारीची भाकरी खावी म्हणजे झालं. बाबा मागच्या वर्षभर हेच करत होते, रात्री दोन भाकरी. मी पिठाचा गोळा काट्यावर ठेवला, ६० ग्रॅम. ज्वारीत १०० ला ६८ ग्रॅम कार्ब, कणकेपेक्षा थोडं जास्तच बघा, म्हणजे एका भाकरीचे ४१. आईचा फुलका २२ ग्रॅम कणकेचा, त्याचे १४. एक भाकरी बरोबर तीन फुलके! रात्री दोन भाकरी म्हणजे सहा फुलके खाऊन बाबा सगळ्यांना सांगत होते की मी पोळी सोडली.

एक भाकरी आणि झुणका, दोन तासांनी १६४. दुसऱ्या दिवशी दोन घडीच्या पोळ्या आणि तोच झुणका, १७०. मीटरच्या मानाने फरक नाहीच. भाकरी वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, चावून खावी लागते, पोटात टिकते, ठेच्यासोबत तर काय सांगू, पण ती औषध नाही, तिलाही काट्यावर चढावं लागेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसमध्ये एकाने ग्लायसेमिक इंडेक्सचा तक्ता पाठवला, लाल-पिवळा-हिरवा, हे खा ते खाऊ नका. ही कल्पना १९८१ ची, टोरँटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. कुठला पदार्थ शुगर किती चढवतो ते मोजायला शुद्ध ग्लुकोज १०० धरायचं, ५५ पर्यंत कमी, ७० पासून वर जास्त. कल्पना चांगली आहे पण तो आकडा काढताना माणसाला उपाशीपोटी तो एकच पदार्थ देतात, सहसा ५० ग्रॅम कार्ब बसेल एवढा. आपल्याकडे नुसता कोरडा भात कोण खातं, त्यावर वरण असतं, तूप असतं, भाजी असते. आणि किती खाल्लं हे त्या रंगात दिसतच नाही. त्यासाठी ग्लायसेमिक लोड, इंडेक्स गुणिले कार्बचे ग्रॅम भागिले १००, ते जास्त कामाचं. तक्ता फ्रिजवर लावला नाही.

शुगर-फ्री बिस्किटांचा पुडाही आज उलटा करून वाचला. साखर शून्य आणि पहिला घटक मैदा. बाबा चहासोबत चार खायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज क्रम बदलून बघितला. ताट तेच, पदार्थ तेच, फक्त आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, पालेभाजी आणि वाटीभर घट्ट वरण संपवायचं, पोळी आणि भात त्यानंतर. ताट आता १९ तारखेपेक्षा हलकं आहे, एक पोळी, भात १०० ग्रॅम, आलू नाही. नेहमीसारखं सगळं मिसळून खाल्लं त्या दिवशी २०१ आली होती, आज १६९. हे काही आमच्याच घरचं नाही, यावर अभ्यास झालेले आहेत, भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पिष्ट हळू शोषलं जातं.

पण खरी भानगड ही की मराठी माणसाला वरण आधी नुसतं प्यायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही करून बघा. बाबा म्हणाले, "मी पेशंट आहे का?" आई म्हणाली, "मग कोण आहात?" शेवटी आईनेच तोडगा काढला, आधी भाजी, कोशिंबीर आणि वरणाची वाटी एवढंच वाढायचं, पोळी तव्यावरून गरम गरम मागून यायची. ताटात पोळी नसली की हात आपोआप भाजीकडे जातो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी सातला बाबांना दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं चिडचिडं. मोजलं तर ६४. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तेच झालं, दुपारचं पिष्ट कमी झालं होतं, चारचा फराळ झाला नव्हता आणि ग्लिमेपिराइड तेवढीच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ९२. मग जेवायला वाढलं. शेजारच्या काकू पेढा घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना नाही म्हणावं लागलं, पेढ्यात खवा म्हणजे फॅट, अशा वेळी साखर रक्तात उशिरा पोचते, साधी साखर किंवा ग्लुकोज पावडरच पाहिजे.

रात्रीच फोन केला. ग्लिमेपिराइड निम्मी केली. बाबांच्या शर्टाच्या खिशात आता ग्लुकोजची छोटी पुडी असते. आणि हे सगळं वाचून कोणी उद्यापासून आपल्या आईवडिलांचा भात कमी करणार असेल तर आधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी बघा, इन्सुलिन किंवा या जातीची गोळी असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही करू नका.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवलं होतं.

सकाळी साबुदाण्याची उसळ. आईच्या हातची, फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) कूट घातलेली, मोकळी, एकेक दाणा काचेसारखा, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. कोरडा साबुदाणा ७० ग्रॅम. साबुदाण्यात १०० ला ८७ च्या घरात कार्ब, प्रथिनं जवळजवळ नाहीतच, टॅपिओकाच्या कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च तो. म्हणजे ६१ ग्रॅम साबुदाण्याचे आणि वरून आलू वेगळा. दोन तासांनी २३१. उपास आणि शुगर रविवारच्या पोह्यांच्या वर, काय म्हणावं.

संध्याकाळी भगर ५० ग्रॅम, फल्लीदाण्याची आमटी, वाटीभर दही. १७२. आता हे बरोबरीचं भांडण नाही हे मला माहीत आहे, भगर वजनानेच कमी होती आणि सोबत दही होतं. पण ताटाला ताट बघितलं तर उपासाला हेच करायचं, असं आईनेच ठरवलं. बाबांनी विचारलं की उसळ कधीच नाही का, तर मी म्हटलं कधीतरी वाटीभर, कूट जास्त घालून, दह्यासोबत, प्लेटभर नाही.

२ मार्च, रविवार

मृग बहाराची संत्री आलीत. डायबिटीसवाल्याने संत्रं खावं का हा प्रश्न नागपुरात विचारावा लागतो हेच वाईट. मध्यम संत्र्यात १२-१४ ग्रॅम कार्ब, चोथ्यासकट खाल्लं तर काही बिघडत नाही. ज्यूसचा ग्लास म्हणजे तीन-चार संत्री, चोथा गाळून, ते मात्र बंद.

दुपारी एक मजा झाली. बाबांनी गच्चीवर उन्हात बसून संत्री सोलली, आईसाठी आणि शेजारच्या पोरांसाठी, आणि तसेच खाली येऊन बोट टोचलं. ३१८! बाबांचा चेहरा उतरला, आईने माझ्याकडे बघितलं. मी आधी हाताचा वास घेऊन बघितला, सालीचा घमघमाट. साबणाने धुवायला लावले, पुसून कोरडे केले, दुसरं बोट, १५२. फळाची साखर बोटावर असली की रक्ताच्या थेंबात मिसळते आणि स्ट्रिप बिचारी जे असेल ते मोजते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, पाण्यानेच धुवायचे. आता रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय.

९ मार्च, रविवार

शिळ्या भाताचा प्रयोग. भात शिजवून थंड केला की त्यातला काही स्टार्च परत घट्ट जुळतो, तो पटकन पचत नाही, गरम केला तरी बराचसा तसाच राहतो. १५० ग्रॅम ताजा भात, १८९. तेवढाच रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला, सकाळी फोडणीचा करून, १७७. मीटरच्या चुकीतच बसतं हे. फायदा असेल तर थोडासा आहे, त्याच्या भरवशावर दीड वाटी जास्त खायला कोणी जाऊ नये. आणि भात ओट्यावर रात्रभर राहू द्यायचा नाही, लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर शुगर राहील बाजूला आणि पोट बिघडेल.

१६ मार्च, रविवार

होळीची पुरणपोळी झाली. एक खाल्ली, तूप घालून, त्या जेवणात भात आणि साधी पोळी काहीच नाही. २०७. ठीक आहे, वर्षाची होळी आहे.

त्यापेक्षा कामाची गोष्ट, जेवल्यावर चालणं. चालताना पायाचे स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाटसुद्धा बघत नाहीत. पण मार्चच्या दुपारी प्रतापनगरात बाहेर कोण चालणार, तर बाबा हॉल ते मागची गॅलरी अशा फेऱ्या मारतात, पंधरा मिनिटं, फोनवर मित्राशी बोलत बोलत. तेच ताट, बसून राहिले तर १८८, फेऱ्या मारल्या तर १६१. मित्र बिचारा कंटाळलाय.

६ एप्रिल, रविवार

एचबीएवनसी ७.४. सरासरी १६६ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे, अजून तीन महिन्यांनी बघू, ग्लिमेपिराइड निम्मीच राहू दे. बाबांनी रिपोर्टचा फोटो सगळ्या ग्रुपांवर पाठवला, श्रेय स्वतःकडे. मावशीचा रिप्लाय, "भाकरीचा गुण."

आता रोज मोजायचं बंद, आठवड्यातून दोन जेवणं, आणि नवीन काही ताटात आलं तर. ते नवीन म्हणजे आमरस, सरळ आहे. त्यासाठी ठरलंय की ज्या दिवशी रस त्या दिवशी पोळी एकच, भात नाही, रस छोट्या वाटीत आणि दूध-साखर न घालता. लग्नाच्या पंगतीत काटा नेता येत नाही तिथे आई बाजूला बसणार, तिला आता नुसत्या नजरेने भाताचे ग्रॅम कळतात.

एक काम राहिलंय, स्ट्रिपची डबी कुठे ठेवायची. बहुतेक डब्यांवर ३० डिग्रीपर्यंत लिहिलेलं असतं आणि इथे मेमध्ये ४५ ला टेकतं. कूलरच्या खोलीत दमटपणा, स्ट्रिपला ओल चालत नाही, फ्रिजमध्येही ठेवू नका असं डबीवरच लिहिलेलं असतं. सध्या आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, झाकण घट्ट लावून ठेवलीये, सोबत एक थर्मामीटर ठेवून बघते किती जातं ते. ३० च्या वर जायला लागलं तर एकदम मोठी डबी घ्यायची नाही, पंचवीसचीच आणत जायची.